तिकीट की रोख

परीक्षा उरकल्या, गुण भरून झाले, की ओमानमधल्या इब्रा गावातल्या शिक्षकांच्या इमारतीत जिन्यावर बॅगांची चाकं वाजायला लागायची. खाली उतरणारा प्रत्येक जण पहिल्या मजल्यावर डेलीनच्या दारापाशी थांबायचा, खालच्या टॅक्सीवाल्याला हातानंच 'आलो' म्हणायचा आणि तिच्या तळहातावर आपल्या घराची चावी ठेवायचा.

"पुदिन्याला एक दिवसाआड पाणी. जाईला मात्र रोज," तिसऱ्या मजल्यावरची ट्युनिशियन नायला म्हणाली. "आणि चावी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस हं. तुझ्यावर भरवसा म्हणून ठेवतेय."

"कुणाच्या हातात देणार? इमारतीत उरणार कोण?" डेलीन म्हणाली, आणि चावी कड्यात अडकवली.

डेलीन सप्टेंबर हे तिचं पुरं नाव. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात महिन्यांच्या आडनावांची घरं पुष्कळ. मालकानं ज्या महिन्यात गुलाम विकत घेतला तो महिना त्याच्या वंशाला चिकटला, असं तिकडं सांगतात. इब्राच्या कॉलेजातल्या पोरींना त्याचं काही नव्हतं. त्यांचं आपलं एकच: "मिस सप्टेंबर, तुम्ही आलात की आमची सुट्टी संपते." डेलीन पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, गुडघ्यांनी बेजार बाई. पहिल्या वर्षाच्या मुलींना इंग्रजी शिकवायची. ओमानला आली तेव्हा दोन वर्षांत परत जायचं असं ठरवून आली होती. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

सगळ्यांत शेवटी फिनबार आला. समोरच्या फ्लॅटमधला हा आयरिश माणूस साठीला टेकलेला, एकटा. त्यानं 'बिशप' नावाचं मांजर पाळलं होतं.

"बिशपला मासाच लागतो. चिकन दिलंस तर तुझ्याकडं पाठ करून बसेल."

"बसू दे की. मागच्या बाकावरच्या पोरींनी सवय लावलीय मला त्याची."

फिनबार हसला, पण निघाला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला. "डेलीन, तू कधी जायचीस गं? दर साली आम्ही सगळे जातो आणि तू आमच्या कुंड्या राखत बसतेस."

"ह्या साली कुंपण आहे," ती म्हणाली.

त्याला कळलं. इमारतीत सगळ्यांनाच हे गणित पाठ होतं. त्यांना कॉलेजात नेमणारी कंपनी प्रत्येक शिक्षकाला उन्हाळ्यात गावी जायचं तिकीट देई. ज्याला जायचं नसेल त्याला तेवढे पैसे जूनच्या पगारात रोख मिळत. मार्च उजाडला की मस्कतच्या ऑफिसातून शाजी नावाचा मल्याळी कारकून एकेकाला फोन लावायचा. बाकीच्यांना तो विचारायचा, "तिकीट की रोख?" डेलीनला विचारायचा, "सप्टेंबर मॅडम, रोखच ना?" आणि ती म्हणायची, "रोखच रे बाबा."

त्या रोखीतून केपमधल्या वुस्टर गावात तिचं घर उभं राहिलं होतं. नवरा केव्हाच दुसरीकडं नांदायला गेलेला. पोरगी तारिन, शाळेत जाणारी, थोरल्या बहिणीच्या पदरात टाकून डेलीन इकडं आली, कारण तिकडच्या शाळामास्तरणीच्या पगारात बँकेचा हप्ताही सुटत नव्हता. मग एका उन्हाळ्याचं छत झालं. एका उन्हाळ्याच्या खिडक्या. न्हाणीघराच्या निळ्या फरश्या म्हणजे तारिननं फोनवर हमसून रडत "तू कधी येणार" विचारलं होतं तो उन्हाळा. डेलीन घर असंच ओळखायची. आपण कोणत्या साली गेलो नाही, यावरून. अकरा वर्षांत ती तीनदा गेली, तीही स्वतः काढलेल्या तिकिटावर. त्यातल्या दोन खेपा मातीला होत्या, एक बापाच्या, एक आईच्या. आईला जाऊनही आता चार वर्षं झाली.

ह्या उन्हाळ्याचं कुंपण होतं आणि पुढं लोखंडी फाटक. जूनचा पगार हातात पडला, त्यातच सुट्टीचे पुढचे दोन पगार आगाऊ होते, आणि तिकिटाची रोख. त्याच संध्याकाळी ती पैसे पाठवायच्या दुकानात रांगेत उभी राहिली आणि जवळजवळ सगळं बहिणीकडं पाठवून आली. उन्हाळाभर आपल्याला लागतं काय? डाळ, परोटा, बिशपचा मासा.

"फाटक चांगलं घे, मॅगी," तिनं बहिणीला फोनवर बजावलं. "कुलूपही चांगलं. आणि जादा चाव्या करत बसू नकोस. चाव्या फिरतात तशा चोऱ्या होतात. दोनच कर. एक तुझी, एक तारिनची."

"बरं बाई," मॅगी म्हणाली. "तू म्हणशील तसं. पैसा तुझा हाय."

इंग्रजी डेलीनची भाकरीची भाषा. बहिणीशी ती घरच्या अफ्रिकान्समध्ये बोलायची आणि बोलता बोलता तिचा आवाजच बदलायचा, जाड व्हायचा, पार आईसारखा.

त्याच आठवड्यात तारिनचा फोन आला. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तिला एकविसावं लागत होतं.

"चर्चचा हॉल मिळालाय, मम्मी. मा सगळं करणार म्हणतेय. तू येणार आहेस ना?"

मा म्हणजे मॅगी. मम्मी म्हणजे फोनवरची.

"बघते गं."

"चावी तूच द्यायची असते, म्हणून विचारलं."

त्यांच्याकडं तशी रीत होती. मूल एकविसाचं झालं की आई-बापानं सगळ्यांदेखत त्याला लाकडाची हातभर लांब चावी द्यायची, चंदेरी कागद लावलेली. घराचं दार आता तुझं तू उघड, असा त्याचा अर्थ. डेलीनच्या आईनं डेलीनला दिली होती. ती कित्येक वर्षं पलंगामागं टांगलेली होती.

"पैसे कुंपणाला गेले बघ," डेलीन म्हणाली. "आणि इथं सगळ्यांची घरं माझ्यावर टाकून गेलेत. मांजर आहे. गाड्या आहेत."

 "मांजर आहे. बरं," तारिन म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग असता तर डेलीनला बरं वाटलं असतं.

जुलैत इब्राचं ऊन असं असतं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. डेलीन सकाळी उठायची, चाव्यांचं कडं मनगटात घालायची आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची. झाडांना पाणी. एसी थोडा वेळ लावायचा, नाहीतर भिंतींना कुबट वास धरतो. मग प्रत्येक न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. नळ बंद राहिला की मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटारातली झुरळं वर येतात. सप्टेंबरात दार उघडणाऱ्या माणसाचं स्वागत झुरळांनी केलेलं कुणाला आवडेल? आठवड्यातून एकदा खाली उतरून सगळ्यांच्या गाड्या सुरू करायच्या, बॅटरी मरू नये म्हणून. इमारतीचा रखवालदार मोफिज, बांगलादेशी, सावलीत खुर्ची टाकून बसलेला असायचा.

"मॅडम, तुम्ही सगळ्या गाड्या चालू करता आणि जात मात्र कुठेच नाही," तो एकदा म्हणाला.

"तूही फाटकावरच बसतोस. तू कुठं जातोस?"

"मी डिसेंबरात जाणार. धाकट्या बहिणीचं लग्न आहे." आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "दोन वर्षांतून एकदा जातोच मॅडम मी. नाहीतर घरचे ओळख विसरतात."

डेलीननं फिनबारच्या गाडीचं बॉनेट आपटून बंद केलं.

काही बिनसलं ते पुढच्या आठवड्यात. नायलाच्या घरी जाईला पाणी घालून झालं, नळ सोडून झाला, आणि उन्हानं तिला गरगरलं. लिंबूपाणी करावं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. न पाहता तिनं ओट्याखालचा दुसरा खण ओढला, चमचा काढला, साखरेचा डबा वरच्या फडताळातून उतरवला, सगळं हाताच्या सवयीनं. पेला ओठाला लावला आणि ती तशीच थांबली.

नायलाच्या घरातले चमचे कुठं असतात ते तिला ठाऊक होतं. फिनबारचा चहा कुठं, दुसऱ्या मजल्यावरच्या अमेरिकन जोडप्याच्या औषधाच्या गोळ्या कुठं, तेही. वुस्टरच्या आपल्या घरात चमचे कोणत्या खणात असतात, हे काही केल्या तिला आठवेना. आठवणार कुठून? स्वयंपाकघराचा ओटा मागच्या खेपेनंतर झाला होता. फोटोत पाहिला होता. फोटोत खण बंद होते.

ती नायलाच्या सोफ्यावर बसली. भिंतीवर नायलाच्या आईचा फोटो, भाच्यांचे फोटो, समुद्राकाठी हसणारी माणसं. बसून बसून एसीचा गारवा अंगात शिरला तरी ती उठली नाही. खरं कारण कुंपण नव्हतं, हे तिचं तिलाही कळत होतं. मागच्या खेपेला आईच्या मातीनंतर ती तीन आठवडे त्या घरात राहिली होती, आणि रोज सकाळी तारिननं मॅगीला विचारलं होतं, "मा, मम्मी नाश्त्याला काय खाते?" ती तिथंच समोर बसलेली असताना. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून विचारतात तसं विचारलं होतं. पुन्हा तेच ऐकण्यापेक्षा बिशपचा मासा बरा, एवढंच डेलीननं चार वर्षं केलं होतं.

पेला विसळून तिनं जागच्या जागी ठेवला आणि ती खाली उतरली.

"मोफिज, माझी गाडी कुणी घेईल का रे?"

मोफिज उभाच राहिला. "विकताय? मग इथं फिरणार कशा मॅडम?"

"फिनबारच्या गाडीत बसून. घेईल का कुणी?"

बाजारातल्या शिंप्यानं घेतली. जुनी छोटी गाडी, एसी धड, रंग उडालेला. पैसे आले त्यात जाण्यायेण्याचं तिकीट सुटलं आणि थोडे वर उरले. घरी तिनं कळवलं नाही. कळवलं असतं तर मॅगी म्हणाली असती, एवढ्यात मागच्या भिंतीला गिलावा झाला असता. आणि तीही मग म्हणाली असती, खरंच की.

राहिला बिशप. बुधवारी इब्रात बायकांचा बाजार भरतो. पुरुषाला आत मज्जाव. तिथं कापडाला जरीच्या पट्ट्या लावून विकणारी उम्म सैफ डेलीनच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या ओळखीची. तिची थोरली मुलगी डेलीनच्या हाताखालून गेली होती. डेलीनचं अरबी म्हणजे वाळूत चालल्यासारखं, पण उम्म सैफला ते समजायचं.

"मांजर? दे की," उम्म सैफ म्हणाली. "माझ्या खजुराखाली आधीच चार आहेत, एक पाद्री वाढला तर काय झालं."

"त्याला मासाच लागतो."

"माझ्या घरी जे शिजेल ते खाईल. तुम्ही परदेशी लोक मांजरांना नवरे करून ठेवता." ताज्या, अर्ध्या पिकल्या खजुरांचा एक घड तिनं डेलीनच्या पिशवीत कोंबला. "पोरीकडं चाललीस ना बाई? ने तिला. आणि ऐक. तिकडं गेल्यावर शिक्षिकेसारखी बसू नकोस. आईसारखी बस."

"आईसारखी म्हणजे कशी?"

उम्म सैफनं तिच्याकडं पाहिलं, आणि मग पट्टी मोजायला घेतली. "ते मला काय विचारतेस," ती हळू म्हणाली.

सगळ्यांच्या कुंड्या डेलीननं उचलून पहिल्या मजल्यावर आपल्या दारापुढं मांडल्या आणि पाण्याची झारी मोफिजच्या हातात दिली. नळ ती येईपर्यंत थांबले असते. गाड्यांच्या चाव्याही त्याच्याकडं गेल्या. घरांच्या चाव्यांचं कडं मात्र तिनं आपल्या पर्समध्ये टाकलं. कुणाच्या हातात देऊ नकोस, असं सांगितलं होतं तिला.

केपटाऊनला उतरली तेव्हा अंगात इब्राचा सुती झगा आणि वर एक पातळ स्वेटर. ऑगस्ट म्हणजे तिकडं ऐन थंडी, हे अंगच विसरलं होतं. वुस्टरची बस डोंगराच्या बोगद्यातून बाहेर पडली तर समोरच्या माथ्यांवर बर्फ, आणि खाली द्राक्षांच्या नागव्या वेली ओळींनी उभ्या. शुक्रवारची दुपार होती. टॅक्सी तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली.

घर तिनं लांबूनच ओळखलं. फोटोतल्यापेक्षा लहान होतं. छत, खिडक्या, मातकट रंग, आणि पुढं नवंकोरं कुंपण, माणसाच्या डोक्याच्या वर, त्यात काळं फाटक. चांगलं होतं. सांगितलं तसंच घेतलं होतं मॅगीनं. फाटकाला कुलूप.

तिनं हाक मारली. मग पुन्हा मारली. आत कुठंतरी कुत्रं भुंकलं. घरात कुत्रं आहे हे तिला माहीत नव्हतं. फोन काढला तर ओमानचा नंबर तिथं मुका. समोरच्या घरातून एक बाई डोक्याला फडकं बांधून बाहेर आली. डेलीननं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"कुणाकडं आलाय?"

"इथंच."

"मॅगीआंटी हॉलवर गेल्यात. पोरगीबी तिकडंच. उद्या समारंभ हाय न्हवं." बाईनं तिची बॅग पाहिली, पातळ स्वेटर पाहिला. "पाव्हण्या का तुमी?"

डेलीन फाटकाच्या गजाला हात लावून उभी होती. लोखंड बर्फासारखं गार.

"हां," ती म्हणाली. "पाव्हणी."

"या की मग आत, शेगडी पेटलीया."

"नको. येतीलच ते."

बाई गेली. डेलीन बॅगेवर बसली. रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला आणि बोटांना कडं लागलं. इमारतीतल्या झाडून सगळ्या घरांच्या चाव्या. कुणाची पिवळी, कुणाची चपटी, फिनबारच्या चावीला कासवाचं लटकन. दोनच कर, आपणच सांगितलं होतं. एक तुझी, एक तारिनची. सांगताना जीभ अडखळलीसुद्धा नव्हती. घर मोजताना तिनं स्वतःला मोजलंच नव्हतं, आणि मॅगीलाही ते खटकलं नव्हतं, पोरीलाही नाही. तिला हसू आलं, आणि हसता हसता दात थंडीनं वाजायला लागले.

उन्हं डोंगराआड गेली तेव्हा गल्लीत एक पोरगी आली. उंच, केस बांधलेले, हातात रंगीत कागदांची भेंडोळी. फाटकापाशी बॅगेवर कुणीतरी बसलेलं पाहून ती चालता चालता मंदावली.

"काय हवंय आंटी?" तिनं विचारलं.

डेलीननं वर पाहिलं. पोरगी अजून दोन पावलं पुढं आली आणि भेंडोळी तिच्या हातून खाली पडली.

"मम्मी?"

"मांजराची सोय लावली," डेलीन म्हणाली. 

शनिवारी हॉल गच्च भरला होता. पाकात मुरवून खोबरं लावलेले तळलेले गोळे परातींनी होते, मटणाचा रस्सा होता, चर्चची म्हातारी मंडळी पहिल्या रांगेत. मॅगी, डेलीनपेक्षा बुटकी आणि दुप्पट चपळ, सगळीकडं एकदम दिसत होती. डेलीन बहिणीचा लोकरी कोट घालून मानाच्या खुर्चीवर बसली होती. जो तो येऊन हात हातात घ्यायचा आणि विचारायचा, "केव्हा आलीस?" आणि लगेच, "परत कधी?"

लाकडी चावी तिनंच दिली. चंदेरी कागद एका कोपऱ्याला सुटला होता तो तिनं अंगठ्यानं दाबून बसवला. टाळ्या झाल्या. मग तारिन बोलायला उभी राहिली.

"पहिल्यांदा मा," ती म्हणाली. "शाळेचा माझा प्रत्येक डबा हिनं केलाय. मला ताप आला की ही झोपली नाही. आणि मम्मी. मम्मीनं माझ्या डोक्यावर छत घातलं. खरोखरीचं छत. आमच्या गल्लीत एवढं पक्कं छत कुणाचं नाही."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. पोरगी खोटं काही बोलली नव्हती. डेलीननंही टाळ्या वाजवल्या.

पुढचे आठ-दहा दिवस बरे गेले म्हणायचे. नाश्त्याला काय खाते हे ह्या खेपेला कुणी विचारलं नाही. मॅगी जे पुढ्यात ठेवायची ते ती खायची. चमचे खिडकीखालच्या खणात होते. पण तिसऱ्या दिवशीही तिला ते दोनदा शोधावे लागले.

निघायच्या आदल्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. उजाडत होतं. अनवाणीच ती खोल्याखोल्यांतून फिरली. बैठकीतल्या फर्नच्या कुंडीत बोट घालून माती ओली आहे का पाहिलं. खिडकीची कडी लागलीय ना पाहिलं. न्हाणीघरात गेली, त्या निळ्या फरश्यांवर उभी राहिली आणि नळ सोडून, पाणी मोरीत जाताना बघत बसली.

"मम्मी?" दारात तारिन उभी होती, डोळे चोळत. "काय करतेयस?"

"नळ सोडून बघतेय. झुरळं वर येतात नाहीतर."

तारिनला काही कळेना. मग तिच्या चेहऱ्यावरची झोप उतरली. ती आत आली आणि तिनं हळूच नळ बंद केला.

"मम्मी," ती म्हणाली, "इथं रोज माणसं राहतात."

 मग तारिननं तिच्या दंडाला धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि शेगडीजवळच्या खुर्चीवर बसवलं. मॅगी उठून आली, तिनं एकीकडून दुसरीकडं पाहिलं आणि कॉफी ठेवली. मग झग्याच्या खिशातून काहीतरी काढून टेबलावर डेलीनपुढं टाकलं. किल्ली होती. नवीन घासलेली, कडा अजून खरखरीत.

"काल चांभाराच्या बाजूच्या त्या किल्लीवाल्याकडं गेलते," ती म्हणाली. "तुझंच फाटक नि तूच भायेर बसलीस. समोरची बया साऱ्या गल्लीत सांगत सुटलीया, मॅगीकडं पाव्हणी आलीया म्हणून. लाज काढलीस माझी."

"दोनच कर म्हणाले होते मी."

"तू काय बी म्हणतीस," मॅगी म्हणाली आणि पाव कापायला वळली. तिची पाठ बराच वेळ वळलेलीच राहिली.

सप्टेंबरात इमारत पुन्हा भरली. एकेक जण बॅग ओढत आला, चावी घेऊन गेला आणि बदल्यात रीतीप्रमाणे फ्रिजला चिकटवायचं काहीतरी ठेवून गेला: ट्युनिसची निळी कवाडं, अमेरिकेतलं कुठलं तरी अस्वल, फिनबारची हिरवी मेंढी. डेलीनच्या फ्रिजवर साऱ्या जगाची गावं दाटीवाटीनं होती. बिशप उम्म सैफकडून जाडजूड होऊन परतला आणि मासा पाहून त्यानं तोंड फिरवलं.

"ह्याला काय खायला घातलंत?" फिनबार हवालदिल झाला.

"भात."

"आयरिश मांजर आहे ते, डेलीन."

"आता ओमानी आहे. आणि मला उद्या सकाळी कॉलेजला सोड. गाडी विकलीय."

 रोज सकाळी तो खाली हॉर्न वाजवू लागला.  घरी आल्यावर ती दार उघडायची, तेव्हा कड्याला दोनच चाव्या लटकत असायच्या. एक ह्या दाराची, आणि एक अशी की जिला लागेल असं कुलूप ह्या अख्ख्या देशात नव्हतं. रविवारी तारिनचा फोन यायचा. कधी बोलणं व्हायचं, कधी नुसतंच एकमेकींच्या घरातले आवाज ऐकत दोघी बसायच्या, तिकडं कुत्रं, इकडं एसी. मॅगीनं मागच्या भिंतीच्या गिलाव्याचा अंदाज कळवला होता. थांबेल म्हणाली होती, पण फार थांबला तर ओल धरेल.

मार्चमध्ये शाजीचा फोन आला. डेलीन वह्या तपासत होती.

"सप्टेंबर मॅडम, रोखच ना? लिहून टाकतो."

समोर टेबलावर कडं पडलं होतं. नवीन किल्लीच्या खरखरीत कडा आता जरा गुळगुळीत झाल्या होत्या.

"लिहू नकोस," ती म्हणाली. "तिकीट."

"काय म्हणालात?"

"तिकीट, शाजी. विमानाचं."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालला. मग शाजी खाकरला.

"माफ करा हं मॅडम," तो संकोचून म्हणाला, "पण सगळ्यांच्या नावापुढं गाव लिहिलेलं आहे. तुमच्यापुढं काहीच नाही. आजवर कधी लागलंच नाही ना. कुठलं काढू?"